इलिनॉयची आर-थ्री ग्रँट: गांजाच्या टॅक्सचा पैसा, अर्ज कोण करू शकतं आणि कागदपत्रं काय लागतात

शिकागो आणि आजूबाजूच्या गावांत राहणारे आपले बरेच मराठी लोक कुठल्या ना कुठल्या संस्थेत व्हॉलंटियर म्हणून काम करतात, कुणी मुलांना शिकवतं, कुणी हिशोब सांभाळतं, आणि तिथं कधीतरी हा विषय निघतोच की गांजाच्या टॅक्समधून संस्थांना पैसे मिळतात म्हणे, ते कसे मिळवायचे. म्हणून हे नीट लिहून काढतेय.

आधी हा पैसा येतो कुठून ते. इलिनॉयमधे 1 जानेवारी 2020 पासून 21 वर्षं पूर्ण झालेल्या लोकांना गांजा दुकानातून कायदेशीर विकत घेता येतो. माल कुठल्या प्रकारचा आणि त्यात नशेचं प्रमाण किती यावरून 10, 20 किंवा 25 टक्के टॅक्स लागतो आणि होलसेलला वेगळा 7 टक्के. यंत्रणेचा खर्च वगळून जे उरतं त्याचे वाटे कायद्यातच ठरवून दिलेत: 35 टक्के सरकारच्या जनरल खात्यात, 20 टक्के मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीला, 10 टक्के राज्याच्या बजेटच्या राखीव निधीत, 8 टक्के स्थानिक सरकारांना, 2 टक्के जनजागृती वगैरेला, आणि 25 टक्के आर-थ्रीला. रिस्टोर, रीइन्व्हेस्ट, रिन्यू या तीन शब्दांचं ते आर-थ्री. हा 25 टक्क्यांचा वाटा कुणी दया म्हणून देत नाहीये हे मला मुद्दाम सांगायचंय. एसीएलयू या नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या 2020 च्या रिपोर्टप्रमाणे इलिनॉयमधे गांजा जवळ बाळगल्याबद्दल कृष्णवर्णीय माणसाला अटक होण्याची शक्यता गोऱ्या माणसापेक्षा साडेसात पट होती, आणि वापर मात्र दोघांचा जवळपास सारखाच. ज्या वस्त्यांमधून पोरं उचलून नेली, नोकऱ्या गेल्या, घरं मिळेनाशी झाली, त्याच वस्त्यांकडे आता या धंद्यातला पैसा जायला हवा, एवढं साधं आहे ते.

आता सगळ्यात जास्त गैरसमज कुठं होतो तर इथं: ही ग्रँट एकट्या माणसाला मिळत नाही. तुमच्यावर गांजाची केस झाली होती म्हणून चेक येणार असं काही नाही. अर्ज करायचा तो संस्थेने, म्हणजे नॉन-प्रॉफिट, चर्च-मंदिरासारख्या धार्मिक संस्थांचं समाजकार्य, स्थानिक सरकार वगैरे, आणि काम आर-थ्री झोनमधल्या लोकांसाठी असलं पाहिजे. झोन ठरतो तो बंदुकीने जखमी होणाऱ्यांचं प्रमाण, मुलांमधली गरिबी, बेकारी, आणि तिथून किती लोक राज्याच्या तुरुंगात जातात आणि सुटून परत येतात यावरून. सरकारच्या नकाशावर पत्ता टाकला की झोनमधे आहे की नाही कळतं. अंदाजाने ठरवू नका, कारण रस्त्याच्या या बाजूला झोन आणि त्या बाजूला नाही असंही होतं.

कामं कुठली चालतात तर पाच: दिवाणी बाबतीत फुकट वकिली मदत, रोजगार आणि आर्थिक विकास, तुरुंगातून सुटलेल्यांना परत उभं करणं, हिंसा थांबवणं आणि तरुण मुलांसाठीचं काम. अर्ज पहिल्यांदा मे 2020 मधे मागवले आणि जानेवारी 2021 मधे 3 कोटी 15 लाख डॉलर जाहीर झाले. तेव्हा ग्रँट दोन प्रकारच्या होत्या, एक प्रत्यक्ष सेवा देण्यासाठी आणि दुसरी वस्तीची गरज काय आहे ते तपासून प्लॅन करण्यासाठी. नवीन संस्थेला ही दुसरी जास्त झेपते असं माझं मत.

अर्ज वर्षभर उघडे नसतात. सरकार नोटीस काढतं, तिला सगळे नोफो म्हणतात, त्यात त्या वेळच्या अटी, रक्कम, शेवटची तारीख सगळं असतं. काम बघणारं खातं म्हणजे इलिनॉय क्रिमिनल जस्टिस इन्फर्मेशन ऑथॉरिटी, लोक त्याला इकजिया म्हणतात. आणि बहुतेक छोट्या संस्था जिथं अडकतात ते म्हणजे नोफो आल्यावर कागदपत्रं गोळा करायला बसतात, तोपर्यंत उशीर झालेला असतो. मी ज्या छोट्या संस्थेच्या अर्जात मदत केली तिथं हेच झालं, काम इतकं चांगलं होतं त्यांचं, पण आयआरएसच्या (फेडरल टॅक्स खात्याच्या) पत्रावर संस्थेचं नाव एक आणि दुसरीकडे रजिस्टर केलेलं थोडं वेगळं, फक्त एका शब्दाचा फरक, तेवढ्यात तीन आठवडे गेले आणि तारीख हुकली. फार वाईट वाटलं होतं.

म्हणून आजच बघून ठेवा. संस्थेचा फेडरल टॅक्स नंबर पाहिजे. सॅम डॉट गव्ह या फेडरल सरकारच्या वेबसाइटवर रजिस्ट्रेशन चालू पाहिजे आणि तिथून मिळणारा 12 अक्षरी यूईआय, म्हणजे संस्थेची ओळख सांगणारा नंबर पाहिजे (2022 पासून जुना डन्स नंबर चालत नाही), हे दरवर्षी रिन्यू करावं लागतं आणि पूर्ण फुकट आहे, पैसे मागणारे फोन आणि ईमेल येतात त्यांना एक डॉलरही देऊ नका. नॉन-प्रॉफिट असाल तर राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे संस्था गुड स्टँडिंगमधे, म्हणजे नोंदणी नीट चालू असलेली पाहिजे, वार्षिक रिपोर्ट भरायचा राहिला तर ते जातं. राज्याच्या स्टॉप पेमेंट लिस्टवर, म्हणजे ज्यांचे पैसे राज्याने थांबवलेत त्यांच्या यादीत, नाव नको. हे सगळं झालं की राज्याच्या गाटा पोर्टलवर (सगळ्या सरकारी ग्रँटसाठीची वेबसाइट) रजिस्टर करून प्री-क्वालिफिकेशन, म्हणजे अर्जाआधीची पात्रता, घ्यायचं, आणि तिथंच हिशोबाबद्दलची प्रश्नावली भरायची. तिच्यात सगळं आमच्याकडे परफेक्ट आहे असं लिहू नका, खरं लिहा, जोखीम जास्त दिसली म्हणून लगेच बाद करत नाहीत, जास्तीच्या अटी घालतात.

मग मुख्य अर्ज: राज्याचा ठरलेला फॉर्म, कामाचं वर्णन आणि बजेट. वर्णनात आपल्याच वस्तीबद्दल लिहा, किती लोकांपर्यंत पोचणार, कोण करणार, वर्षाच्या शेवटी काय मोजणार. आणि बजेटमधला प्रत्येक आकडा वर्णनाशी जुळला पाहिजे, तिकडे दोन कर्मचारी आणि इकडे पगार तिघांचा असं नको. संस्था अगदीच लहान असेल तर मोठ्या संस्थेला पुढे करून तिच्यासोबत येता येईल का ते नोफोमधे बघा.

ज्यांना स्वतःसाठी मदत हवी त्यांचा रस्ता वेगळा आहे, गांजाच्या जुन्या अटकेचं किंवा शिक्षेचं रेकॉर्ड पुसण्याचा. 30 ग्रॅमपर्यंतच्या, केस न झालेल्या साध्या अटकेच्या नोंदी पोलिसांनी आपणहून पुसायच्या असं कायद्यात आहे आणि त्याची शेवटची मुदत 1 जानेवारी 2025 होती. शिक्षा झाली असेल तर 30 ग्रॅमपर्यंत गव्हर्नरच्या माफीतून होतं, आणि 30 ते 500 ग्रॅमसाठी कोर्टात स्वतः अर्ज करावा लागतो. न्यू लीफ इलिनॉय या उपक्रमातून त्यासाठी फुकट वकील मिळतो.

आणि आपल्यापैकी जे व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर आहेत त्यांच्यासाठी, कृपया हे नीट वाचा. फेडरल कायद्यात गांजा अजून बेकायदेशीरच आहे, आणि राज्याने रेकॉर्ड पुसलं तरी इमिग्रेशनवाले ती केस धरू शकतात. त्यामुळे रेकॉर्डची केस असेल तर कोर्टात काहीही दाखल करायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, आणि कोर्टाच्या मूळ कागदांच्या सर्टिफाइड कॉपी आधीच काढून ठेवा, पुसल्यावर त्या मिळणं अवघड होतं आणि इमिग्रेशनला नेमक्या त्याच लागतात.