सटायटी : पोट भरणं आणि भरलेलं राहणं

परवा बिस्किटांच्या एका पुड्यावर 'हाय सटायटी' असं ठळक छापलेलं पाहिलं. दुकानदाराला विचारलं, तर म्हणाला, "म्हणजे खाल्लं की पोट भरतं." अख्खा पुडा संपवल्यावर कशानेही भरेल!

'पुरेसं' या अर्थाच्या 'सॅटिस' या लॅटिन शब्दापासून सटायटी आला. ('सॅड'सुद्धा याच कुळातला. आधी तृप्त, मग कंटाळलेला, शेवटी दुःखी असा त्याचा अर्थ सरकत गेला.) वाढपी आला की आपण ताटावर हात आडवा धरतो, ते 'सटिएशन'. सकाळी पिठलं-भाकरी खाऊन गेलेल्याला दुपारपर्यंत पोटाला आधार राहतो, ती 'सटायटी'. 1995 मध्ये सिडनीत 240 कॅलरींचे वेगवेगळे पदार्थ खायला देऊन ती दोन तास मोजली. पांढऱ्या पावाला 100 गुण धरले, तर उकडलेल्या बटाट्याला 323 मिळाले आणि लोण्याने माखलेल्या क्रोसाँला जेमतेम 47.

आता हात आडवा कोण धरायला लावतं ते पाहू. ढेकर नव्हे, ढेकर म्हणजे बहुतेक वेळा गिळलेली हवा, तृप्तीची पावती नाही. जठरातून स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचली, की तिथल्या पेशी कोलेसिस्टोकायनिन सोडतात. हे संप्रेरक पित्ताशय आकुंचित करतं आणि व्हेगस या चेतातंतूमार्फत मेंदूच्या देठाला निरोप धाडतं.

1973 चा उंदरांवरचा प्रयोग मला फार आवडतो. जठराला नळी बसवलेली, खाल्लेलं सगळं त्यातून बाहेर. पोटात काही ठरतच नाही, त्यामुळे उंदीर खातच सुटतात. मग कोलेसिस्टोकायनिन टोचलं आणि जठर रिकामं असूनही ते खायचे थांबले! पुढच्या प्रयोगांत तर असे उंदीर जेवण झाल्यासारखे अंग चाटूनपुसून साफ करत आणि पडी टाकत. पोटातला व्हेगस कापला, की हा परिणाम जवळजवळ नाहीसाच होई.

मग हेच टोचून माणसं बारीक करावीत? 1984 मध्ये उंदरांना प्रत्येक जेवणाच्या सुरुवातीला ते देऊन पाहिलं. घास कमी झाले खरे, पण उंदीर पठ्ठे दिवसातून जास्त वेळा जेवू लागले. म्हणजे सटिएशन आलं, सटायटी नाहीच. आणि 1973 च्या त्या शोधनिबंधाच्या शीर्षकात शब्द कोणता आहे? सटायटी! बिस्किटवाल्याला तरी किती बोलणार?