चित्रकथी चित्रांच्या रंगांची वर्णपटीय तपासणी

चित्राचा कणही न काढता, प्रकाश किंवा क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यातील रंगद्रव्ये ओळखण्याची पद्धत. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने जपलेल्या चित्रकथी पोथ्यांच्या, म्हणजे दाखवत कथा सांगण्यासाठीच्या चित्रसंचांच्या, बाबतीत तिचे महत्त्व विशेष आहे. या पोथ्यांत कागदावरील दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात आणि त्यांतील रेषा इतक्या बारीक असतात, की नमुन्यासाठी टाचणीच्या टोकाएवढा रंग खरवडला तरी डोळा किंवा दागिना कायमचा जातो.

या शैलीतील चित्रांना जुन्या लेखनात ‘पैठणी चित्रे’ म्हटले गेले आणि काही ठिकाणी ते नाव अद्याप रूढ आहे; त्यामुळे ही चित्रे मूळची घाटावरच्या पैठणची की कोकणातल्या पिंगुळीची, असा वाद आहे. तथापि चित्रे दाखवत कथा सांगण्याची परंपरा पिंगुळीत आजही नांदती आहे. तेथील चित्रकथी कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. हे पाहता पिंगुळीचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. उपलब्ध जुनी चित्रे सामान्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील मानली जातात. स्थळाचा वाद वर्णपटाने सुटणे कठीण आहे, कारण हिंगूळ (लाल), हरताळ (पिवळा), शेंदूर (नारिंगी) व नीळ (वनस्पतिजन्य निळा) हा घाटाच्या दोन्ही बाजूंच्या बाजारांतला माल. काळाविषयी मात्र तो ठोस पुरावा देतो. प्रशियन निळा बर्लिनमध्ये सुमारे १७०४ ते १७०६ या काळात तयार झाला, तर कृत्रिम अल्ट्रामरीन हा दुसरा निळा रंग १८२८ च्या सुमारास. मूळ रंगकामात यांपैकी एखादा आढळल्यास चित्र त्याच्या शोधाआधीचे असू शकत नाही. तो रंग मागाहून केलेल्या डागडुजीतला नाही, हे अनेक जागी मापन करून आधी ठरवावे लागते.

क्ष-किरण फ्लुओरेसन्स, म्हणजे एक्सआरएफ, या तंत्रात हाती धरण्याजोगे उपकरण पानापासून काही मिलिमीटरांवर ठेवतात व मूलद्रव्ये ओळखतात. क्ष-किरण पडल्यावर प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण परत सोडते; वर्णपटात ते रेषा किंवा शिखर म्हणून दिसतात. हिंगुळात पारा, हरताळात आर्सेनिक आणि शेंदरात शिसे असते. पण आर्सेनिकची मुख्य रेषा १०.५४ व शिशाची १०.५५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला (हे ऊर्जेचे एकक) येत असल्याने दोन्ही शिखरे एकात एक मिसळतात. शिशाची १२.६१ ची दुसरी रेषा दिसते की नाही, यावरच निर्णय करावा लागतो. चित्रकथीत यापुढची एक अडचण आहे. क्ष-किरण कागदातून आरपार जातात. त्यामुळे समोर रावणाचा पिवळा शेला मोजताना पाठीमागच्या चित्रातील शेंदूरही नोंदला जातो, आणि वर सांगितलेल्या दोन रेषांच्या गोंधळात ही चूक सहज लपते. म्हणून दोन्ही बाजूंचा नकाशा जुळवल्याखेरीज एक्सआरएफच्या आकड्यांवर विसंबू नये.

रामन वर्णपट पृष्ठभागापुरताच असल्याने येथे अधिक विश्वासार्ह ठरतो. चं. वें. रामन यांनी १९२८ मध्ये दाखवलेल्या प्रकाश-विकिरणावर तो आधारलेला आहे; यात रंगावर लेसरचा प्रकाश टाकून विखुरलेला प्रकाश मोजतात. हरताळाची प्रमुख रेषा ३५४, शेंदराची ५४९ आणि प्रशियन निळ्याची २१५४ प्रति सेंमी.च्या आसपास मिळते. प्रशियन निळ्यात लोह असते, पण गेरूमुळे किंवा कागदातील अशुद्धीमुळेही ते आढळू शकते; अशा वेळी प्रशियन निळा ओळखण्यास ही शेवटची रेषा निर्णायक असते. लेसरची शक्ती फार कमी ठेवावी लागते, कारण उष्णतेने शेंदराचे स्वरूप बदलते. दिव्याची काजळी, तेलकट डाग आणि बुरशी यांच्या फ्लुओरेसन्समध्ये, म्हणजे लेसर पडल्यावर उमटणाऱ्या चमकेत, रंगाची रेषा बुडून जाते. ७८५ नॅनोमीटरचा लेसर वापरल्यास हा त्रास बराच कमी होतो.

नीळ व प्रशियन निळा यांतला फरक अवरक्त छायाचित्रातही कळतो: नीळ जवळजवळ नाहीशी होते, प्रशियन निळा गडदच राहतो.