रबर फिरत नाही, पिळलं जातं

खड्डा आला की पुढून ‘खट्’ असा आवाज, ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढणार, टायर एकाच कडेने झिजलेला. ही लक्षणं सांगितली की मेकॅनिक गाडीखाली न वाकताच म्हणतो, “बुश गेलेत.” बुश म्हणजे सस्पेन्शनच्या, म्हणजे चाकांचे धक्के झेलणाऱ्या यंत्रणेच्या, सांध्यात बसवलेला बहुधा रबरी तुकडा. बहुतेक वेळा मेकॅनिकचं बरोबर असतं. निदान सोपं आहे. नवे बुश बसवताना मात्र भले भले चुकतात.

उदाहरणाला इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एमजीबी ही स्पोर्ट्स कार घेऊ. तिच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये वरचा आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा दांडा) म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरचाच दांडा. खालचा आर्म आतल्या टोकाला एका पिनवर वरखाली हलतो, आणि पिन व आर्म यांच्यामध्ये असतो रबरी बुश. साध्या एमजीबीत तो नुसत्या रबराचा, दोन तुकड्यांचा. १९७३ साली आलेल्या व्ही-८ मॉडेलमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या पोलादी नळीच्या मध्ये धरलेलं असतं. साध्या एमजीबीचे मालकही आता बरेचदा हेच बुश टाकतात.

रबर दाबलं तरी त्याचं आकारमान जवळपास बदलत नाही. खोडरबर दोन बोटांत धरून सरकवलं तर सहज तिरकं होतं. तेच घट्ट डबीत कोंबून वरून दाबलं तर हलायचं नाव घेत नाही. बुशमध्ये दोन्ही गुणांचा उपयोग होतो. चाकाचा धक्का आडवा आला की कोंडलेलं रबर कडक राहतं आणि चाक जागेवर धरतं. आर्म वरखाली झाला की तेच रबर मऊपणे पिळलं जातं. पिळलं जातं, घसरत नाही! आतली नळी नटाने पिनशी आवळलेली, बाहेरची आर्ममध्ये ठोकलेली. सगळी हालचाल रबराच्या अंगातच जिरते. त्यामुळे या बुशला ग्रीस लागत नाही. उलट तेल लागलं तर रबर फुगून मऊ पडतं, आणि हवेतला ओझोन ताणलेल्या रबराला भेगा पाडतो.

‘ताणलेल्या’ हा शब्द इथे महत्त्वाचा. गाडी स्टँडवर चढवली की चाक खाली लटकतं. आर्म २८ सेंमीचा आणि चाक नेहमीपेक्षा ७ सेंमी खाली आलं असं धरलं, तर आर्म साधारण १४ अंश फिरलेला असतो. त्याच अवस्थेत नट आवळला, तर रबराच्या लेखी तीच ‘सरळ’ स्थिती ठरते. मग गाडी चाकांवर उतरली की रबर १४ अंश पिळलेलंच राहतं, दिवसरात्र, गाडी उभी असतानाही. पुढचा भाग किंचित उंच बसतो आणि नवा बुश लवकर फाटतो. म्हणून नट आधी सैल ठेवायचा, चाकांवर पूर्ण वजन आणायचं, गाडी दोन-चार वेळा दाबून बसू द्यायची आणि मगच शेवटचा आवळा द्यायचा. लिफ्टवर उभ्याउभ्या काम उरकणाऱ्या गॅरेजमध्ये नेमकी हीच पायरी गळते.

त्याआधीचं काम मात्र धोक्याचं आहे. सुमारे एक टनाच्या गाडीत एका पुढच्या चाकाच्या वाट्याला अडीचशे किलोच्या आसपास वजन येतं. स्प्रिंग चाकापेक्षा आत बसवलेली असल्याने तरफेच्या नियमाने तिच्यावर त्याहून जास्त भार असतो. खालचा आर्म सोडवताना ती दबलेली स्प्रिंग जॅकवर धरून हळूहळूच मोकळी करायची. इथे घाई म्हणजे दवाखाना.

पॉलियुरेथेनचे (रबरापेक्षा कडक प्लास्टिकचे) बुश नळीवर घसरतात, त्यामुळे त्यांना चाकांवर वजन आणून आवळायचा नियम लागत नाही. पण ग्रीस सुकलं की ते कुईकुई करतात आणि रस्त्याची बारीक थरथर जास्त आत पोचवतात. रेसिंगसाठी ठीक, रविवारच्या फेरफटक्याला माझं मत रबरालाच. कुठलेही टाकले तरी व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) नव्याने करून घ्यावं, कारण आधीचं सेटिंग ढिल्या बुशांच्या हिशेबाने केलेलं होतं.