नाचाचं बळ पोटातून: थोडी मागची गोष्ट

दिवाळी सरली की भंडारा-गोंदियाकडच्या गावोगावी मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि रात्री दंडार हा नाच-गाण्याचा लोकखेळ उभा राहतो. लहानपणी मला नाचापेक्षा मंडपामागची तयारी पाहायला जास्त आवडायचं. चेहऱ्याला रंग नंतर, घुंगरू त्याहून नंतर, आधी कंबर. एकानं सुती दुपट्ट्याचं टोक ताणून धरायचं, दुसऱ्यानं दुसरं टोक बेंबीखाली दाबून गिरक्या घेत स्वतःलाच त्यात गुंडाळत जायचं. शेवटी खोचून गच्च गाठ. नव्या पोराला दटावणी ठरलेली, “पह्यले कंबर बांध, मंग पाय उचल.”

आता शाळेतल्या मुलींचा नाच बसवते तेव्हा ही दटावणी रोज आठवते. सगळीकडे ‘कोअर’, म्हणजे धडाच्या गाभ्याचे स्नायू, हा शब्द ऐकू येतो आणि ते शहरातल्या जिममधलं खूळ आहे असं पालकांना वाटतं. तसं नाही. दुपट्टा जिथं बांधतात तिथंच, कातडीच्या बऱ्याच आत, पोटाचा सर्वांत खोल आडवा स्नायू कंबरेभोवती पट्ट्यासारखा गुंडाळलेला असतो. त्याच्या वर श्वासपटल, म्हणजे छाती-पोटामधला श्वासाचा पडदा, खाली ओटीपोटाचा तळ, मागे मणक्याला लागून असलेले बारीक स्नायू. या चौघांनी मिळून धड धरलं की हातपाय मोकळे होतात. धड सैल असेल तर गिरकीत खांदे वर येतात, मान ताठते आणि पाय जागा सोडतो. पाय घसरलेला दिसतो, पण चूक वर झालेली असते.

आपल्याकडे ही जाण आखाड्यातून आली. जोर, बैठका, मल्लखांब यांत धड एकसंध ठेवल्याशिवाय काहीच जमत नाही. मल्लखांबावर उलटं लटकलेल्या पोरानं कंबर ढिली सोडली की तो खालीच. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथं देशी खेळ आणि व्यायाम करून दाखवले. आखाडा आणि नाच यांच्यामधला दुवा मात्र लेझीम आहे, असं माझं मत. लेझीम अर्धी कसरत, अर्धा नाच. पुढं वाकून, एका पायावर तोल घेऊन, ताल न सोडता पुन्हा सरळ व्हायचं, तेही साखळीचं वजन हातात घेऊन. बसल्या बसल्या पोट कमावण्यापेक्षा नाचणाऱ्याला हे जास्त उपयोगाचं.

तिकडे पश्चिमेत हाच विचार दुसऱ्या वाटेनं नाचापर्यंत गेला. जोसेफ पिलाटीस १८८३ मध्ये जर्मनीत जन्मला, लहानपणी फार आजारी असायचा. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्याला शत्रुदेशाचा नागरिक म्हणून आयल ऑफ मॅन बेटावर नजरकैदेत ठेवलं. खाटांच्या स्प्रिंगा वापरून त्यानं तिथल्या आजारी माणसांकडून व्यायाम करून घेतला, असं सांगतात. १९२६ च्या सुमारास तो न्यूयॉर्कला पोहोचला. त्याची व्यायामशाळा नर्तकांच्या तालमीच्या जागांना लागूनच होती. पोट, पाठ आणि कंबर या पट्ट्याला तो ‘पॉवरहाऊस’ म्हणे. १९४० च्या दशकात बॅलेगुरू जॉर्ज बॅलन्शीन यांनी घोट्याला दुखापत झालेल्या रोमाना क्रिझानोव्स्का या विद्यार्थिनीला त्याच्याकडे नेलं. दुखणं घोट्याचं, पण त्यानं साऱ्या अंगाला, पोटापासून, कामाला लावलं. पुढं तीच त्याची पद्धत शिकवू लागली. त्याच १९२६ साली न्यूयॉर्कमध्ये मार्था ग्रॅहमनं आपलं नृत्यपथक उभारलं. तिच्या नाचाचा सारा डोलारा उच्छ्वासाबरोबर ओटीपोट आत आकसणं आणि मग सोडणं यावर उभा आहे.

शास्त्राचा दाखला बराच उशिरा आला. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातले संशोधक पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी दाखवलं की निरोगी माणूस हात हलवण्याआधीच त्याचा तो आतला आडवा स्नायू आवळतो. कंबरदुखी असलेल्यांत तो उशिरा जागा होतो. म्हणजे शरीर आपली कंबर आधी बांधतं, मग हात उचलतं. मंडपामागची दटावणीच ही. त्यानंतर जिकडेतिकडे ‘बेंबी आत ओढा’ सुरू झालं, आणि ते मला पटत नाही. कॅनडातले स्टुअर्ट मॅकगिल यांनीही त्याला हरकत घेतली: नुसती बेंबी ओढण्यापेक्षा सगळं धड चहूबाजूंनी घट्ट करा. नाचणाऱ्याला तर श्वासही हवा. गडचिरोलीकडे गोंडांच्या रेला नाचात बाया एकमेकींना धरून नाचतात आणि नाचतानाच गातात. पोट आत ओढून धरलं तर गाणं निघेल कुठून?

आपल्या आज्या जात्यावर दळत, उखळात कांडत, डोक्यावर पाण्याचा गुंड, म्हणजे घागर, घेऊन विहिरीवरून येत, म्हणून त्यांची कंबर मजबूत, असं हमखास सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. डोक्यावरच्या गुंडानं चाल सरळ होते, हे मी माझ्या आजीत पाहिलंय. पण धानाची रोवणी दिवसभर वाकून करणाऱ्या बायांच्या कंबरा चाळिशीतच धरतात, हेही रोज पाहते. काम दम देतं, तोल देईलच असं नाही. आता दळण गिरणीत जातं, मुली सायकलीवर शाळेत जातात, बाकावर बसतात. त्यांना हे बळ वेगळं कमवावं लागतं आणि ते रोवणीपेक्षा नीट, दोन्ही बाजूंनी सारखं कमावता येतं.

यंदा मंडईच्या महिनाभर आधीपासून आम्ही समाजमंदिरात सतरंजी अंथरतो. उताणं पडायचं, गुडघे वर दुमडून पाय अधांतरी, हात छताकडे. मग उजवा हात डोक्याकडे आणि डावा पाय लांब, जमिनीला न टेकवता; मग उलट. नववीतल्या एका मुलीची कंबर पाय लांबवला की सतरंजीवरून उचलायची, खालून माझा अख्खा तळवा जायचा. मी तिला पाय थोडाच लांब न्यायला सांगितलं आणि श्वास मोठ्यानं सोडायला लावला. तिसऱ्या आठवड्यात तळवा जाईना, बोटं अडकली. त्या संध्याकाळी तिनं सलग चार गिरक्या घेतल्या आणि जिथून सुरू केल्या, त्याच फरशीवर थांबली.