तिशियनचं ‘बॅकस आणि अरिआड्नी’: फेराराच्या ड्यूकचं दालन आणि शब्दांवरून उभं राहिलेलं चित्र

लंडनच्या नॅशनल गॅलरीत व्हेनिसचा चित्रकार तिशियन याचं ‘बॅकस आणि अरिआड्नी’ आज सुटं पाहायला मिळतं, पण मुळात ते एका मालिकेचा भाग होतं. उत्तर इटलीतल्या फेराराचा ड्यूक आल्फोन्सो देस्ते याने आपल्या खाजगी दालनासाठी जी चित्रं करवून घेतली, त्यांतलं हे एक. त्या दालनाची हकीकत कळली की चित्रातली गर्दी, घाई आणि तो डोळ्यांत भरणारा निळा रंग यांचा उलगडा होतो.

आल्फोन्सोचा जीव तोफा ओतण्यात रमायचा. समकालीनांमध्ये त्याचा लौकिक तोच होता. चित्रांची आवड मात्र घरातलीच. त्याची बहीण इझाबेला मांतुआच्या राजघराण्यात दिली होती आणि तिने आपल्या अभ्यासिकेत मांतेन्यासारख्या चित्रकारांकडून पौराणिक चित्रं काढून घेतली होती. भावालाही तसंच काही हवं होतं. इझाबेलाच्या दरबारातला विद्वान मारियो एक्विकोला 1511 मध्ये फेरारात त्याच्यासाठी कथाविषय ठरवत होता.

या बेतामागची कल्पना मला फार सुंदर वाटते. ग्रीकांची नावाजलेली चित्रं केव्हाच नष्ट झाली होती, उरली होती ती फक्त वर्णनं. फिलोस्ट्रॅटस या ग्रीक लेखकाने चित्रांची वर्णनं करणारा एक अख्खा ग्रंथ लिहिला होता. इझाबेलाकडे त्याचं इटालियन भाषांतर होतं आणि आल्फोन्सोने ते मागून नेलं. हरवलेली चित्रं शब्दांवरून पुन्हा उभी करायची, असा हा घाट.

सुरुवात जोवान्नी बेल्लिनीच्या 1514 मधल्या ‘देवांची मेजवानी’ने झाली. पुढे मात्र एकामागून एक अडथळे आले. फ्रा बार्तोलोमेओला प्रेमदेवता व्हीनसच्या पूजेचा विषय दिला होता, तो 1517 मध्ये वारला. राफाएलकडून ‘बॅकसचा भारतविजय’ हवा होता, पण तोही 1520 च्या एप्रिलमध्ये गेला. व्हीनसच्या पूजेचं चित्र तोवर तिशियनने केलं होतं आणि बॅकसचं कामही अखेर त्याच्याकडेच आलं.

विषय मात्र बदलला. विजयाच्या मिरवणुकीऐवजी आता भारतातून परतणारा बॅकस आणि त्याला वाटेत भेटलेली अरिआड्नी. मद्याचा हा देव पूर्वेकडे स्वारी करून भारतापर्यंत गेला, ही आख्यायिका अलेक्झांडरच्या मोहिमेनंतर ग्रीक जगात चांगलीच फोफावली होती. चित्रातला रथ त्या स्वारीची आठवण देतो. रोमन कवी ऑव्हिडने या रथाला वाघ जुंपले होते, तिशियनने चित्ते जुंपले.

अरिआड्नी ही क्रीटच्या मिनॉस राजाची मुलगी. भूलभुलैयातून बाहेर पडण्यासाठी तिने थीसियस या ग्रीक वीराला दोऱ्याचं गुंडाळं दिलं, त्याच्यासाठी घर सोडलं, आणि त्याने तिला नॅक्सॉस बेटावर झोपेत टाकून गलबत हाकारलं. फिलोस्ट्रॅटसकडेही या प्रसंगाचं वर्णन आहे, पण त्यात ती झोपलेली आहे आणि बॅकस गाजावाजा न करता येतो. तिशियनने ते बाजूला ठेवलं आणि कॅटलस व ऑव्हिड या रोमन कवींचा हात धरला. कॅटलसच्या दीर्घ कवितेत ही कथा लग्नाच्या पलंगावरच्या चादरीवर विणलेली आहे. तिथे झांजा आहेत, कापलेल्या वासराचे तुकडे फेकणारे आहेत, अंगाला साप गुंडाळलेले आहेत. हे सगळं चित्राच्या उजव्या बाजूला जसंच्या तसं आलं आहे. सापांनी वेढलेला दाढीवाला पुरुष पाहताना 1506 मध्ये रोमच्या जमिनीतून निघालेला, सापांच्या विळख्यात अडकलेल्या लाओकोऑन या पुरोहिताचा पुतळा आठवतो. कवितेतली एक ओळ आणि नुकतंच सापडलेलं एक शिल्प, दोन्ही त्या एका देहात एकत्र आले आहेत.

तरीही चित्राचा प्राण डावीकडे आहे. समुद्रावर थीसियसचं शीड बोटाच्या पेराएवढं दिसतं. अरिआड्नी आपल्याकडे पाठ करून उभी आहे. तिचा हात अजून त्या शिडाच्या दिशेने आहे, मान मात्र वळली आहे. बॅकसने रथातून उडी घेतली आहे, तो अधांतरी आहे, आणि दोघांची नजर नुकतीच भिडली आहे. ऑव्हिड सांगतो की ती घाबरून पळू पाहत होती. तिशियनने ती भीती पुसली नाही. एका प्रेमाचा शोक सरलेला नाही आणि दुसरं समोर येऊन ठाकलं आहे, हे त्याने शरीराच्या एका पिळातून दाखवलं. प्रेमप्रसंगाच्या चित्रणात इतकं खरं मी फार कमी पाहिलं आहे. वर आकाशात आठ ताऱ्यांचा मुकुट आहे. बॅकस पुढे तिचा मुकुट आकाशात नेऊन ठेवतो, त्याची ही खूण.

त्या आकाशाचा निळा रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्द दगडापासून केलेला आहे. झांज वाजवणारीच्या वस्त्राचा नारिंगी रंग मनशिळ या खनिजाचा. व्हेनिस हे रंगद्रव्यांच्या व्यापाराचं मोठं केंद्र होतं, म्हणून तिथल्या चित्रकाराला हे हात राखून वापरावं लागलं नाही.

ड्यूकचा धीर मात्र सुटत चालला होता. व्हेनिसमधला त्याचा प्रतिनिधी तेबाल्दी तिशियनच्या मागे लागून तगादा करत राहिला. अखेर 1523 च्या सुरुवातीला चित्र फेरारात पोचलं. त्यानंतर तिशियनने याच दालनासाठी आंद्रोस बेटावरच्या मद्योत्सवाचं चित्र केलं आणि बेल्लिनीच्या मेजवानीतली पार्श्वभूमीही नव्याने रंगवली.

फेराराच्या गादीला पोपला मान्य असा वारस उरला नाही आणि 1598 मध्ये फेरारा पोपच्या ताब्यात गेलं. कार्डिनल आल्दोब्रान्दिनीने चित्रं रोमला नेली. तिशियनची इतर दोन चित्रं स्पेनच्या राजाकडे गेली आणि आज माद्रिदच्या प्रादोत आहेत, बेल्लिनीचं वॉशिंग्टनमध्ये आहे. ‘बॅकस आणि अरिआड्नी’ एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडला आलं आणि 1826 मध्ये नॅशनल गॅलरीने ते विकत घेतलं. पहिल्या शंभर वर्षांतच कॅनव्हास गुंडाळला गेल्यामुळे रंगाचे पापुद्रे सुटू लागले होते, त्यावर वारंवार डागडुजी होऊन पिवळट वार्निश साचलं होतं. 1967 ते 1969 या काळात ते काढलं, तेव्हा बाहेर आलेला निळा अनेकांना भडक वाटला आणि गॅलरीवर बरीच टीका झाली. जुन्या वार्निशच्या तपकिरी छटेलाच लोक तिशियनचा रंग समजत आले होते.