द्राक्षाची गोडी मातीतून येत नाही

फेब्रुवारी लागला की चोइथराम मंडीत नाशिकची द्राक्षं येतात आणि आपल्या इंदूरच्या मराठी घरांत तेच वाक्य सुरू होतं, "तिकडची मातीच गोड!" अहो, नाशिक काय आणि आपला माळवा काय, दोन्ही एकाच बेसाल्ट दगडावर बसलेत, उंचीसुद्धा साधारण ५५०-६०० मीटर, मग मातीच गोड असती तर इथे देवासपासून धारपर्यंत द्राक्षाचे मळेच दिसले असते ना.

हवामानाचं बहुतेकांना माहीत असतं म्हणून थोडक्यात सांगतो. साखर पानात बनते, उन्हावर. रात्री गरम असल्या की आंबटपणा लवकर उतरतो, गार असल्या की टिकतो आणि काळ्या द्राक्षाला रंगही नीट चढतो. ऐन तोडणीच्या वेळी पाऊस आला की मणी तडकतात.

खरा घोळ मातीचा आहे. माती साखर देत नाही, ती वेलाला पाणी किती आणि केव्हा मिळणार हे ठरवते. आपण माळव्यात 'पग-पग नीर', म्हणजे पावलोपावली पाणी, म्हणून जिचं कौतुक करतो ती भारी काळी माती गव्हाला उत्तम, पण तिच्यात पाणी धरून राहतं, वेल नुसता पाल्यावर जातो, घड सावलीत अडकतात, मणी फुगतात आणि चव पातळ होते. मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत पाणी बेताचं मिळतं, वाढ वेळेवर थांबते आणि पानांनी बनवलेली साखर घडांकडे वळते. जुन्या मळ्यात तर मुळं मुरमाच्या भेगांतून खोल गेलेली असतात, म्हणून एखादा कोरडा महिना वेल सोसतो, माल मात्र कमी येतो.

ओळखायचं कसं? त्याच मळ्यात यंदाची द्राक्षं गेल्या सालापेक्षा वेगळी लागली तर आधी हवामान बघा, आणि एकाच साली, एकाच जातीच्या, सारखीच निगा राखलेल्या दोन ओळींत फरक पडला तर जमीन बघा. फ्रान्सच्या बर्गंडीत पाऊस तोच, ऊन जवळपास तेच, तरी शेजारशेजारच्या तुकड्यांची वाइन वेगवेगळ्या नावानं विकतात ती याच जमिनीच्या नि उताराच्या फरकापायी.

त्यामुळे गोडी वाढावी म्हणून वेलाच्या बुडाशी गुळाचं पाणी घालतात ना, ते बघून माझा जीव तुटतो. मुळं काही गूळ पिऊन मण्यात नेत नाहीत! त्यापेक्षा मण्यात पाणी उतरायला लागलं, म्हणजे मणी मऊ पडायला लागले, की वेलाला देता ते पाणी थोडं कमी करा, घडाभोवतीची दाट पानं जरा विरळ करा, सगळी मात्र काढू नका, साखर तिथेच बनते.