अडकलेला स्पार्क प्लग गरम इंजिनात सुटत नाही

स्पार्क प्लग म्हणजे इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवणारा भाग. ‘इंजिन गरम असतानाच प्लग काढा, ॲल्युमिनियम फुगतं आणि प्लग सुटतो,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. अमेरिकेतल्या २००४ ते २००८च्या फोर्ड एफ-१५० ट्रकच्या ५.४ लिटर, दर सिलिंडरला तीन व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनाला तर तो फार महागात पडतो.

तिथे प्लग आट्यांत अडकतच नाही. आट्यांच्या खाली त्याची लांब, बारीक नळी असते. तिच्याभोवती काजळी घट्ट बसते. शिवाय प्लग दोन भाग जोडून केलेला. जोर लावला की वरचा भाग हातात येतो, नळी हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातच राहते. गरम ॲल्युमिनियमचे आटेही सहज सोलवटतात.

फोर्डची स्वतःची सूचना उलट आहे: इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. कॉइल (प्लगला वीज देणारा, त्याच्यावर बसणारा भाग) काढून प्लग बसतो ती खाच दाबाच्या हवेने साफ करा. प्लग फक्त अष्टमांश ते पाव फेरा सैल करा, खाचेत कार्बोरेटर क्लीनर (काजळी विरघळवणारा द्रव) ओता आणि किमान १५ मिनिटं थांबा. मग थोडा सैल, थोडा घट्ट, असं करत काढा. करकरला तर पुन्हा क्लीनर. घाई अजिबात नको. तुटलेली नळी काढायला वेगळं हत्यार लागतं. नवा प्लग बसवताना निकेलयुक्त अँटी-सीझ (भाग एकमेकांत अडकू न देणारा लेप) त्या नळीला लावा, आट्यांना नाही.